बाराशे रुपियांचं पेट्रोल

सोबत फार काही घेऊ नका. मोबाइल तर नकोच. आपण जिथे चाललो आहोत तिथे पेजरची चलती आहे. पायात बूट असू द्या, एका ठिकाणी पळावं लागणार आहे. खिशात ५०,००० रुपियांची एक नोट ठेवा. तिच्यावर इंडोनेशियाचे अध्यक्ष सुहार्तो छान हसताहेत. १९९७च्या जूनपर्यंत ही नोट मोडली की वीस डॉलर मिळत. जानेवारी १९९८च्या पडत्या दिवसांत तिचे तीन डॉलरही येईनात. भाषेची काळजी नको, ती व्यवस्था केली आहे.

पहिला मुक्काम दहा मिनिटांचा. १५ जानेवारी १९९८, जकार्तातला चेंदाना रस्ता, सुहार्तोंचं राहतं घर. तुम्हाला फोटोग्राफरांच्या घोळक्यात मागून घुसवलं आहे, तेव्हा टाचा उंचावून बघा. ७६ वर्षांचे सुहार्तो टेबलावर वाकून सही करताहेत. शेजारी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे प्रमुख मिशेल कामदेस्यू हाताची घडी घालून उभे आहेत, परीक्षेच्या वर्गात सुपरवायझर उभा राहतो तसे. शटरचा कडकडाट होतो. हा फोटो उद्या देशभर जाईल. जावामध्ये वडीलधाऱ्या माणसासमोर असं उभं राहत नाहीत, त्यामुळे सुहार्तोंचे विरोधकसुद्धा तो पाहून चरफडतील.

फोटो सगळ्यांनी पाहिला, कागद फार थोड्यांनी वाचला. तुम्ही वाचून घ्या. जुलै १९९७मध्ये थायलंडचं चलन कोसळलं आणि ऑगस्टमध्ये त्याची झळ रुपियाला लागली. इथल्या बड्या कंपन्यांनी कर्जं डॉलरमध्ये उचललेली, कमाई मात्र रुपियात. रुपिया घसरत गेला तसतसा कर्जाचा डोंगर काही न करता दुप्पट, तिप्पट होत गेला. ऑक्टोबरअखेर नाणेनिधी मदतीला आला आणि त्याच्या सांगण्यावरून १ नोव्हेंबरला १६ बँका एकदम बंद झाल्या. धीर येण्याऐवजी लोकांचं धाबं दणाणलं, उरलेल्या बँकांसमोर पैसे काढायला रांगा लागल्या. आजची सही त्यानंतरच्या दुसऱ्या करारावर आहे. त्यात लिहिलं आहे की इंधनावरची आणि विजेवरची सबसिडी काढून घ्या. आणि त्याच कागदात असंही लिहिलं आहे की अध्यक्षांचे चिरंजीव तोमी यांचा लवंगांचा मक्ता मोडा, त्यांच्या ‘तिमोर’ मोटारीच्या सवलती बंद करा, तंत्रज्ञान मंत्री हबीबी यांच्या विमान कारखान्यात सरकारी पैसा ओतू नका.

म्हणजे काटकसरीची दोन खाती एकाच कागदावर आहेत. एक लोकांच्या स्वयंपाकघरातलं, दुसरं अध्यक्षांच्या घरातलं. नाणेनिधी हा गरिबांचा वैरी आणि सुहार्तो त्याच्या तावडीत सापडलेले बिचारे म्हातारबाबा, ही गोष्ट सांगायला सोपी आहे, पण मला ती पटत नाही. उलटीही पटत नाही. नोव्हेंबरमध्ये बंद झालेल्या बँकांत दुसरे चिरंजीव बाम्बांग यांचीही एक होती. थोड्याच आठवड्यांत तोच कारभार दुसऱ्या बँकेच्या पाटीखाली सुरू झाला. मार्चमध्ये सुहार्तो सातव्यांदा अध्यक्ष होतील. नव्या मंत्रिमंडळात थोरली लेक तुतुत समाजकल्याण मंत्री असेल, आणि गोल्फचे सोबती, प्लायवुडचे सम्राट बॉब हसन व्यापार-उद्योग मंत्री. देशाला पोटाला चिमटा घ्यायला सांगणारं मंत्रिमंडळ ते हेच.

चला. २३ फेब्रुवारी, हॉटेल इंडोनेशियासमोरचं कारंज्याचं मोठं वर्तुळ. मूठभर बायका हातात फुलं घेऊन उभ्या आहेत, गाणी म्हणताहेत, प्रार्थना करताहेत. मागणी एकच: दुधाच्या पावडरीचे भाव आवाक्यात आणा. बाळाच्या दुधाला राजकारण म्हणायची कुणाची हिंमत होणार नाही, असा त्यांचा हिशेब. पोलिसांची होते. तिघींना गाडीत घालतात. त्यांत एक कार्लिना लेक्सोनो, खगोलशास्त्रज्ञ, आणि दुसरी गादिस अरिविया, तत्त्वज्ञानाची प्राध्यापिका. ‘स्वारा इबू पेदुली’, म्हणजे काळजी वाहणाऱ्या आयांचा आवाज, हे या गटाचं नाव लक्षात ठेवा. या बायका पुढे तुम्हाला जेवू घालणार आहेत.

आता ४ मेची रात्र, आणि इथे जरा ऐसपैस थांबू. पेट्रोल पंपापासून निघालेली रांग दोन चौक ओलांडून गेली आहे. मोटारी, स्कूटरी, डबडी हातात घेतलेली माणसं. तुम्ही ज्या वाहनात बसला आहात ते ओळखीचं वाटलं असेल. भगव्या-तांबड्या रंगाची तीनचाकी, मागे दोन माणसं अंग चोरून बसतील एवढी जागा, आणि इंजिन सुरू झालं की दाढा वाजतात. ही बजाजची रिक्षा, पुण्याजवळच्या आकुर्डीची लेक. सत्तरच्या दशकात ती इथे आली आणि इतकी रुळली की जकार्तात तीनचाकी रिक्षा म्हणजेच ‘बजाय’. मोठ्या हमरस्त्यांवर तिला मज्जाव, म्हणून ती गल्ल्याबोळांतून पळते. मीटर नाही, बसायच्या आधी घासाघीस करायची.

चालक पन्नाशीचा. त्याला ‘बांग’ म्हणा, मोठ्या भावाला म्हणतात तसं. लवंगेची क्रेतेक सिगारेट ओढत तो रांगेत पाऊल-पाऊल गाडी ढकलतोय, कारण इंजिन चालू ठेवणं परवडत नाही.

“बाराला सातशेचं बाराशे होणार,” तो म्हणतो. “लिटरला.”

“आणि रॉकेल?”

“दोनशे ऐंशीचं साडेतीनशे. बायको स्टोव्हवर स्वयंपाक करते.”

“भाडं वाढवाल ना?”

तो हसतो. “मी वाढवीन हो. बसणार कोण? मालकाला रोजची सेतोरान द्यायची ती द्यायचीच. गाडी उभी राहिली तरी द्यायची.”

सेतोरान म्हणजे रोजच्या भाड्याचे पैसे. गाडी मालकाची, घाम याचा. हा हिशेब तुम्ही दोन मिनिटांत मांडू शकता. पेट्रोल सत्तर टक्क्यांनी महाग, सेतोरान तेवढीच, गिऱ्हाईक कमी. मधल्या फटीतून जे सांडतं ते त्याच्या मुलांच्या ताटातलं. अर्थमंत्रालयाच्या टिपणात याला सबसिडीचं सुसूत्रीकरण म्हणतात.

एक गोष्ट त्या रांगेत कुणालाच ठाऊक नाही. एप्रिलमध्ये नाणेनिधीबरोबर तिसरा करार झाला होता आणि त्यात सबसिडी टप्प्याटप्प्यानं, ऑक्टोबरपर्यंत काढायची मुभा होती. सुहार्तोंनी ते एका रात्रीत उरकलं. लवंगांचा मक्ता, मोटार, विमानं या खात्यावर महिनोन्‌महिने चालढकल. पेट्रोल-रॉकेलच्या खात्याला एक रात्र पुरली. त्याच दिवशी सुमात्रातल्या मेदानमध्ये दंगल सुरू झाली आणि काही दिवस धुमसत राहिली. ९ मे रोजी अध्यक्ष विमानात बसून कैरोला, जी-१५च्या परिषदेला गेले.

बांगला तुमच्याकडची नोट द्या. सुट्टे नाहीत असं तो म्हणेल. राहू दे म्हणा.

१२ मे, मंगळवार. पश्चिम जकार्तातला ग्रोगोल भाग, एस. परमान हा हमरस्ता, एका अंगाला उड्डाणपूल. समोर त्रिसक्ती विद्यापीठ. नावातली संस्कृत तुम्हाला चटकन ऐकू येईल. हे नाव देशाचे पहिले अध्यक्ष सुकार्नो यांनी दिलं. पण त्रिसक्तीची ख्याती क्रांतीची नाही. हे खासगी विद्यापीठ. अधिकाऱ्यांची, लष्करी अफसरांची, व्यापाऱ्यांची मुलं इथे शिकतात. १९६६ साली सुकार्नोंना हादरवलं ते इंडोनेशिया विद्यापीठाच्या पिवळ्या जाकिटवाल्यांनी. तेव्हाही त्यांच्या तीन मागण्यांतली एक होती भाव उतरवा, आणि त्या आंदोलनाच्या खांद्यावर पाय देऊनच जनरल सुहार्तो वर चढले होते. विद्यार्थ्यांना भावाबद्दल बोलू दिलं की पुढे काय होतं, हे या माणसाइतकं कुणाला ठाऊक असणार? फेब्रुवारीपासून देशभर विद्यार्थ्यांच्या सभा चालू आहेत, पण कॅम्पसच्या फाटकाच्या आत. आत काय ते बोला, बाहेर पाऊल टाकायचं नाही, असा दंडक. आज त्रिसक्तीच्या सुखवस्तू मुलांनी फाटकाबाहेर पाऊल टाकायचं ठरवलं आहे.

सकाळी झेंडा अर्ध्यावर उतरवला, राष्ट्रगीत झालं, भाषणं झाली. दुपारी साडेबाराच्या सुमाराला सुमारे सहा हजारांचा जमाव संसदेच्या दिशेनं निघतो. तुम्ही मधल्या रांगेत आहात. गडद निळी विद्यापीठाची जाकिटं उन्हात अंगाला चिकटताहेत. शेजारची मुलगी तुम्हाला ‘काक’ म्हणते, थोरल्या भावंडाला म्हणतात तसं, आणि पाण्याची बाटली पुढे करते. दोन-तीनशे मीटरही झालं नसेल तोच पश्चिम जकार्ताच्या महापौर कचेरीपुढे ढालींची भिंत. मोर्चा थांबतो. मग तो रस्त्यातच बसतो.

आणि मग तास, दीड तास, दोन तास. आंदोलनाच्या गोष्टी सांगणारे हा भाग नेहमी गाळतात. बहुतेक वेळ बसण्यात जातो. डांबर तापलेलं, मागे अडकलेल्या गाड्यांचे हॉर्न, माइकवर कुणी तरी घसा बसेपर्यंत बोलतंय. पुढच्या रांगेतल्या मुली पोलिसांना गुलाब देताहेत. एक पोलीस गुलाब घेतो, मग काय करावं ते न कळून ढालीच्या कडेला खोचतो. त्याचं वय इथल्या मुलांएवढंच आहे. त्याच्या घरी रॉकेल साडेतीनशेनंच येतं. पाऊस येतो, मुलं उठत नाहीत.

“तुझं पेट्रोल कोण भरतं?” तुम्ही शेजारच्या मुलीला विचारता. जरा बोचरं आहे, पण विचारा.

“पप्पा,” ती सरळ सांगते. “आमच्याकडे दोन गाड्या आहेत. वाढलं तरी आम्ही भरू. त्याचं काय आहे, काक, आमच्या कँटीनवाल्या इबूंनी भाताचं ताट वाढवलं नाही, भातच कमी केला. रोज थोडा थोडा. आणि टीव्हीवर सांगतात, त्याग करा. तुतुतबाई सांगतात! समाजकल्याण मंत्री!”

शेवटच्या शब्दाला आसपासची पोरं फुटून हसतात. मला वाटतं, काटकसरीविरुद्धच्या आंदोलनांबद्दल सरकारं हीच एक चूक पुनःपुन्हा करतात. त्यांना वाटतं राग आकड्याचा आहे. बाराशेचं हजार केलं की उतरेल. राग आकड्याचा असतो खरा, पण तो पेटतो त्या आकड्यातून कोण सुटलं हे दिसल्यावर.

पाचच्या सुमाराला वाटाघाटी संपतात. दोन्ही बाजूंनी मागे सरायचं ठरतं. मुलं उठून, कपडे झटकत, कॅम्पसकडे वळतात. तुम्हीही वळा, आणि रेंगाळू नका. कुठून तरी एक इसम मुलांना शिव्या घालत येतो, काही मुलं त्याच्या अंगावर धावतात, तो पोलिसांच्या रांगेकडे पळतो. आधी अश्रुधूर. मग तो आवाज, जो फटाक्यासारखा वाटतो आणि नसतो. पळा. फाटकातून आत. आत आलं की सुरक्षित, असा आजवरचा दंडक होता ना? गोळ्या आत येताहेत. कॅम्पसच्या आवारातच चौघे जातात: एलांग मुल्या लेस्माना, हाफिधिन रोयान, हेरी हार्तांतो, हेन्द्रियावान सी. अंधार पडल्यावरही मुलं इमारतींतून दबून बसलेली आहेत. गोळ्या झाडण्याचा हुकूम कुणाचा होता याचा वरपर्यंतचा उलगडा पुढे कधीच झाला नाही. शिक्षा झाली ती खालच्या हुद्द्यांच्या माणसांना.

१३ आणि १४ मे तुम्हाला पायी दाखवणार नाही. उंचावरून पाहा. ग्लोदोकमध्ये, चिनी वंशाच्या व्यापाऱ्यांच्या वस्तीत, धूर. शहरभर शटरांवर घाईनं रंगवलेलं ‘मिलिक प्रिबूमी’, म्हणजे हे दुकान भूमिपुत्राचं, कृपा करून जाळू नका. क्लेंदरमधला योग्या प्लाझा पेटला आहे आणि आत माणसं अडकली आहेत; लुटायला गेलेली, बघायला गेलेली, लहान पोरं. दोन दिवसांत हजाराहून जास्त माणसं मेली, त्यांतली बहुतेक अशी जळून. चिनी वंशाच्या बायकांवर बलात्कार झाले. सरकारनंच नेमलेल्या तथ्यशोधन समितीनं ते नोंदवलं, आणि तरीही आजवर मंत्रिपदावरची माणसं ते नाकारत आली आहेत. विद्यार्थी या दंगलीत नव्हते, त्यांनी फाटकं लावून घेतली होती. दंगल काही ठिकाणी बाहेरून आणलेल्या टोळ्यांनी पेटवली याच्याही साक्षी आहेत. पण महागाईचा राग सत्तेपर्यंत पोचत नाही तेव्हा तो कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारावर निघतो, आणि तो दुकानदार ‘आपल्यातला’ नसेल तर त्याला वाचवायला फारसं कुणी येत नाही. त्रिसक्तीत मारला गेलेला हेन्द्रियावान सी चिनी वंशाचाच होता. सुधारणा आंदोलनाच्या हुतात्म्यांत त्याचं नाव लागलं त्याच आठवड्यात त्याच्या समाजाची दुकानं जळत होती. १९९८चा विजय साजरा करणारे ही पानं पटकन उलटतात.

सुहार्तो कैरोहून घाईनं परतले. १६ मे रोजी पेट्रोल बाराशेवरून हजारावर आणलं.

१८ मे. सेनायानमधलं संसदेचं आवार. हिरव्या रंगाचं, दोन पंख पसरल्यासारखं छप्पर लांबूनच दिसतं. सुकार्नोंनी नवोदित राष्ट्रांच्या परिषदेसाठी ही इमारत बांधायला घेतली होती. ती परिषद कधी भरलीच नाही. फाटकावर विद्यार्थ्यांचेच पहारेकरी आहेत. साध्या वेशातले हेर घुसू नयेत म्हणून विद्यापीठाचं ओळखपत्र आणि जाकीट दोन्ही तपासतात. तुमच्याकडे दोन्ही नाही.

“कुठल्या विद्यापीठाचे?”

गप्प राहा. मागून एक बाई येते, दोन्ही हातांत पिशव्या. “माझ्याबरोबरचं माणूस आहे, पोरा. पाकिटं उचलायला आणलंय.” आणि एक पिशवी तुमच्या हातात देते. पोरगा बाजूला होतो. इबूला, आईला, कोण अडवणार?

पिशवीत ‘नासी बुंगकुस’. तेलकट तपकिरी कागदात गुंडाळलेला भात, वर रबरबँड. सोडून पाहा: मूठभर भात, तळलेल्या टेम्पेचे दोन तुकडे, अर्धं अंडं, कोपऱ्यात तिखटजाळ सांबाल. शहरातल्या स्वयंपाकघरांतून ही पाकिटं हजारांनी इथे येताहेत, आणि ती गोळा करून पोचवण्याचं जाळं उभं केलं आहे फेब्रुवारीत कारंज्यापाशी फुलं घेऊन उभ्या राहिलेल्या त्याच बायकांनी. इतिहासाच्या पुस्तकांत या दिवसांचे नायक म्हणून नेत्यांची नावं येतात. माझं मत विचाराल तर चार दिवस संसद ताब्यात राहिली ती या भातावर. भाषणानं पोट भरत नाही आणि उपाशी पोरं तिसऱ्या दिवशी घरी जातात.

दुपारी सभापती हार्मोको पत्रकारांपुढे येऊन सांगतात की अध्यक्षांनी शहाणपणानं पायउतार व्हावं. आवारात क्षणभर कुणाचा कानांवर विश्वास बसत नाही. काही महिन्यांपूर्वी जनतेला सुहार्तोच हवेत असं त्यांना सांगणारे ते हेच हार्मोको. संध्याकाळी लष्करप्रमुख विरांतो म्हणतात, हे त्यांचं वैयक्तिक मत. दुसऱ्या दिवशी सुहार्तो मुस्लिम पुढाऱ्यांना बोलावतात, त्यांत नूरखोलिश मजीद आणि अब्दुररहमान वाहीदही आहेत, आणि सुधारणा समितीची घोषणा होते. मुलं आणखी भडकतात. छपरावर आता निळे, पिवळे, हिरवे ठिपके. पोरं वर चढून बसली आहेत. तुम्ही चढू नका, उतार निसरडा आहे.

त्याऐवजी खाली दालनात बसा. चटया, वर्तमानपत्रं, घामाचा आणि क्रेतेकचा वास, कोपऱ्यात गिटार. मागण्यांची यादी करणारा एक गट वाद घालतोय.

“भाव उतरवा, हे पहिल्या क्रमांकावर घ्या,” एक म्हणतो.

“उतरवला की सोळा तारखेला. दोनशे रुपिया!” दुसरा म्हणतो, आणि अख्खा गट हसायला लागतो. हसता हसता एकाचे डोळे भरून येतात. माणसामागे पन्नास रुपिया, कुणी तरी हळूच म्हणतं. मग कुणीच हसत नाही. यादीत पहिल्या क्रमांकावर सुहार्तोंचा राजीनामा जातो. मग भ्रष्टाचार, संगनमत आणि घराणेशाही. भावाचं कलम खाली खाली सरकतं.

नाणेनिधीचं नाव यादीत कुठे आहे ते शोधू नका. या दालनातल्या बऱ्याच जणांना त्याच्या अटींतली निम्मी कलमं हवीच आहेत; तोमीचा मक्ता मोडायला त्यांचीही ना नाही. नेमकी उरलेली निम्मी आधी लागू झाली, ही तक्रार आहे.

२० तारखेला मोनासच्या, म्हणजे राष्ट्रीय स्मारकाच्या, मैदानावर प्रचंड सभा ठरली होती. रात्रीतून तिथे काटेरी तारा आणि रणगाडे आले आणि विरोधी पुढारी अमीन राईस यांनी पहाटे ती रद्द केली. योग्याकार्तात मात्र सुलतान हामेंगकुबुवोनो दहावे स्वतः लाखोंच्या जनसमुदायापुढे आले. रात्री चौदा मंत्र्यांनी नव्या मंत्रिमंडळात यायला नकार दिला. मुलांच्या धरण्यानं राज्य पडलं म्हणतात. खरं तर सकाळपासून एकेक खांब स्वतःहून सरकत होता आणि मुलं ते होईपर्यंत जागा न सोडता बसून होती.

२१ मे, सकाळी नऊ. टीव्हीसमोर इतकी गर्दी की तुम्हाला आवाज ऐकू येईल, चित्र दिसणार नाही. सुहार्तो कागद वाचताहेत. बत्तीस वर्षांची राजवट काही मिनिटांत संपते. लगेच उपाध्यक्ष हबीबींचा शपथविधी. बाहेर पोरं कपड्यांसकट कारंज्याच्या हौदात उड्या मारताहेत, कुणी जमिनीवर माथा टेकलाय, कुणी नुसतं बसलंय. अर्ध्या तासात पहिलं भांडण: हबीबी चालतील की नाही? एक गट म्हणतो काम झालं, दुसरा म्हणतो घरातलाच माणूस बसवला. दोन दिवसांत लष्करानं आवार रिकामं केलं.

त्या वर्षी अर्थव्यवस्था सुमारे तेरा टक्क्यांनी आकसली, महागाई पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली. राजीनाम्यानं भात स्वस्त झाला नाही. निवडणुका खुल्या झाल्या, वृत्तपत्रं मोकळी झाली, आणि इंधनाचे भाव वाढतच राहिले: २००५मध्ये २,४०० वरून ४,५००, २०२२मध्ये ७,६५० वरून १०,०००. प्रत्येक वेळी विद्यार्थी रस्त्यावर. फरक एवढाच की आता फाटकाबाहेर पाऊल टाकायला मज्जाव नव्हता. हा फरक लहान नाही.

शेवटचा मुक्काम फेब्रुवारी २०२५. आता मोबाइल काढायला हरकत नाही. तुम्ही मोनासजवळ ‘पातुंग कुदा’पाशी, म्हणजे घोड्यांच्या पुतळ्यापाशी उभे आहात. वर बघा. उधळलेले घोडे, रथ, सारथी कृष्ण आणि धनुष्य ताणलेला अर्जुन. १९८७ साली, सुहार्तोंच्याच काळात, हा पुतळा इथे बसला. जकार्तातल्या मोर्चांची ही आता ठरलेली जागा. पोलीस याच्यापुढे जाऊ देत नाहीत. पोरं काळ्या कपड्यांत आहेत. आंदोलनाचं नाव ‘इंडोनेशिया गलाप’, काळोखातला इंडोनेशिया.

२२ जानेवारीला अध्यक्षांचा हुकूम निघाला: ३०६ लाख कोटींहून जास्त रुपियांची खर्चकपात, मंत्रालयांत आणि प्रांतांना जाणाऱ्या निधीत. शाळकरी मुलांना मोफत जेवण देण्याच्या मोठ्या योजनेला पैसा हवा, असं कारण. योजना वाईट कुठे आहे? पण जेवण देताना शिक्षणाचं बजेट कापायचं, हा हिशेब पोरांच्या गळी उतरत नाही. शिक्षण शुल्क वाढणार नाही असं अर्थमंत्री श्री मुल्यानी यांना जाहीरपणे सांगावं लागलं.

तुमच्या शेजारच्या मुलाला विचारा, काय हवंय. तो फोनवर एक यादी उघडून दाखवतो. मंत्र्यांची. “अठ्ठेचाळीस मंत्री,” तो म्हणतो. “उपमंत्री धरले तर शंभरावर. त्यांच्यातला एक कापला का?” हा मुलगा सुहार्तो गेल्यानंतर कित्येक वर्षांनी जन्मला. बारा मेच्या मोर्चात पाण्याची बाटली देणाऱ्या मुलीनं म्हटलं होतं तेच तो म्हणतोय, हे त्याला माहीत असण्याचं कारण नाही.

हुकमावर सही करणारे अध्यक्ष प्राबोवो सुबियांतो. मे १९९८मध्ये ते लष्करी अफसर होते आणि सुहार्तोंचे जावई. कार्यकर्त्यांच्या अपहरण प्रकरणात त्याच वर्षी त्यांना सैन्यातून जावं लागलं. त्या काळात बेपत्ता झालेल्यांपैकी तेरा जण, कवी विजी तुकुल धरून, अजून सापडलेले नाहीत. मतदारांनी २०२४मध्ये प्राबोवोंना मोठ्या बहुमतानं निवडून दिलं. लोकशाहीत हेही बसतं.

ऑगस्टमध्ये शहर पुन्हा पेटेल. काटकसर चालू असतानाच खासदारांना घरभाड्यापोटी महिना ५ कोटी रुपिया मिळतात हे बाहेर येईल. जकार्तातल्या किमान वेतनाच्या जवळपास दहापट. पोलिसांच्या चिलखती गाडीखाली मोटारसायकल टॅक्सी चालवणारा एक तरुण मरेल आणि मग भत्ता मागे घेतला जाईल. नेहमीप्रमाणे आधी माणूस, मग आकडा.

आणि १० नोव्हेंबर २०२५ रोजी अध्यक्ष प्राबोवो दहा जणांना राष्ट्रीय वीर घोषित करतील. यादीत सुहार्तो आहेत. त्याच यादीत मार्सिना आहे, पूर्व जावातल्या घड्याळाच्या कारखान्यातली कामगार. सुहार्तोंच्या राजवटीत, मे १९९३मध्ये, संपानंतर तिचा खून झाला. रोजचा पगार १,७०० रुपियांवरून २,२५० करा, एवढी तिची मागणी होती.